तक्रार बंद, लाइनही बंद: एका आळीतल्या फायबर बिघाडाचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही हकिकत आहे. गाव, कंपनी आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ग्राहकांना तक्रारी लिहायला मदत करणाऱ्या आमच्या गटाकडे हे प्रकरण आलं तेव्हा आळीतलं इंटरनेट बंद पडून चार दिवस झाले होते. केबल तुटणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही, आणि माणसं व मशीन जागेवर असतील तर ती काही तासांत जोडता येते. इथे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांतला बराच काळ कंपनीच्या दप्तरी ही आळी ‘तक्रार निकाली’ अशी नोंदलेली होती. ते कसं घडलं आणि लोकांनी त्यातून वाट कशी काढली, ते इथे मांडलं आहे.

पार्श्वभूमी

बाजारपेठेच्या मागची आळी. काही जुनी जाड भिंतींची घरं, काही वाडे पाडून उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती. चाळीसेक घरांत आणि दुकानांत एकाच कंपनीचं फायबर. कनेक्शन कंपनीचं, पण घरापर्यंत वायर ओढणं, बिघाड काढणं आणि पैसे गोळा करणं हे सगळं गावातल्या केबलवाल्याकडे. टीव्हीची केबलही त्याचीच, म्हणून लोक याला ‘केबलवाल्याचं नेट’च म्हणतात. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. लोकांचा राग निघत होता केबलवाल्याच्या पोरावर, आणि जबाबदारी होती कंपनीची.

कोपऱ्यावर एक ताई आपले सरकार सेवा केंद्र चालवतात. मे-जून म्हणजे त्यांची खरी कमाई. दहावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा, रहिवासाचा असे दाखले काढायला रांग लागते. त्यात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे अर्ज भरून घ्यायला येणाऱ्या पालकांची भर पडली. शेजारी रक्त तपासणीचं कलेक्शन सेंटर आहे. नमुने कऱ्हाडला जातात आणि रिपोर्ट इथे छापून मिळतात. वरच्या मजल्यावर पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करणारी मुलगी राहते. समोरच्या घरात निवृत्त प्राथमिक शिक्षक, आळीचे गुरुजी. दुधापासून लाइटबिलापर्यंत सगळ्याची वही ठेवायची त्यांची सवय. पुढे सगळं प्रकरण त्या वहीवर उभं राहिलं.

बिलाची पद्धत सगळ्यांची सारखी नव्हती. काही जण महिना संपल्यावर बिल भरणारे, तर बऱ्याच जणांनी सवलतीसाठी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले.

अडचण

२०२५ मध्ये मोसमी पाऊस मे संपायच्या आतच महाराष्ट्रात पोचला. गावातलं रस्ता रुंदीकरण अर्धवट होतं, त्यामुळे पाणी रस्त्यावर साचलं. दोन दिवस उघडीप मिळताच ठेकेदाराने गटाराची चर मारायला जेसीबी लावला. दुपारी तीनच्या सुमारास बकेटमध्ये केबल आली आणि आळीतल्या सगळ्या मोडेमवर एकदम लाल लाइट लागला.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण त्याशिवाय लोकांच्या संतापाचं कारण कळत नाही. घरगुती फायबरमध्ये कंपनीच्या केंद्रातल्या एका पोर्टमधून एकच काचेची तार निघते. वाटेत स्प्लिटर लावून तिच्या ३२ किंवा ६४ पर्यंत शाखा केल्या जातात आणि त्या घराघरांत जातात. घरातल्या उपकरणावरचा लाल लाइट म्हणजे प्रकाशच पोचत नाही. वीज गेली तर ही उपकरणं बहुधा बंद पडता पडता ‘माझी वीज गेली’ असा शेवटचा संदेश केंद्राला पाठवतात. तार तुटली तर तो संदेश जात नाही, सगळी उपकरणं एकाच क्षणी गप्प होतात. म्हणजे एका पोर्टवरची चाळीस उपकरणं त्या संदेशाशिवाय एकदम गायब झाली, तर वाटेत केबल तुटली आहे हे केंद्रातल्या पडद्यावर मिनिटभरात कळू शकतं. त्यासाठी एकाही ग्राहकाने फोन करायची गरज नसते.

प्रत्यक्षात काय झालं? ताईंनी हेल्पलाइनला फोन लावला, मराठीसाठी सांगितलेला आकडा दाबला, आणि बऱ्याच वेळाने हिंदीत उत्तर आलं. राउटर बंद करून चालू करा. मग वायर काढून परत लावा. ताई सांगत होत्या की अख्ख्या आळीचं गेलंय, बाहेर केबल तुटलेली दिसतेय. पलीकडच्या माणसासमोर मात्र फक्त ताईंचं खातं उघडं होतं. त्याला आळी दिसत नव्हती. तक्रार क्रमांक मिळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ लाइट लालच. ताईंनी परत फोन केला, तर सांगण्यात आलं की ती तक्रार बंद झाली आहे, नवीन नोंदवावी लागेल. नवीन क्रमांक, नवीन मुदत. आळीतल्या बाकीच्यांचंही असंच चाललं होतं. एका तुटलेल्या केबलचे चाळीस खासगी प्रश्न झाले होते आणि प्रत्येकाचं घड्याळ दर दीड-दोन दिवसांनी पुन्हा शून्यावर येत होतं.

केबलवाल्याचा पोरगा रोज येऊन जायचा. त्याचं एकच म्हणणं, “ताई, माझ्या हातात काय नाय. मेन तुटलीय. जोडायचं मशीन आन् माणूस कऱ्हाडवरनं येनार, अन् तिकडं पन पावसानं कामं तुंबल्यात.” त्याचं खरं होतं. तिसऱ्या दिवशी मात्र कलेक्शन सेंटरच्या दादांनी त्याची गचांडी धरली. रिपोर्ट वेळेवर न मिळाल्याने एका पेशंटच्या नातेवाइकांनी दादांना सुनावलं होतं, तो राग याच्यावर निघाला. गुरुजी मध्ये पडले म्हणून तेवढ्यावर थांबलं.

समोरचे पर्याय

चौथ्या दिवशी गुरुजींच्या ओसरीवर सगळे बसले. आम्हालाही बोलावलं होतं.

पहिला विचार सगळ्यांचाच, दुसरी कंपनी घ्यायची. कलेक्शन सेंटरच्या दादांनी चौकशीही केली होती. पण गावातल्या दुसऱ्या फायबर कंपनीची केबलही त्याच रस्त्याच्या कडेने गेलेली. उद्या जेसीबी चार हात पुढे सरकला तर तीही तुटणार. पर्यायी सोय म्हणून घ्यायचं तर मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारं, वेगळ्या कंपनीचं काहीतरी घ्यायला हवं होतं. जाड भिंतींच्या घरांत मोबाइलला रेंज मिळत नाही, पण दुकानांच्या दर्शनी बाजूला बऱ्यापैकी मिळते. ताईंनी आणि दादांनी त्याच दिवशी हा मार्ग धरला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखल्यांची कागदपत्रं चढवायला वेळ लागायचा, पण दुकान उघडं तरी राहिलं.

दुसरा विचार, थेट ‘ट्राय’ला लिहायचं. वरच्या मजल्यावरच्या मुलीने मेल तयार ठेवला होता. ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. ते नियम करतं, सेवेचे मापदंड ठरवतं, ते मोडणाऱ्या कंपन्यांना दंड करतं, पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवणं हे त्याचं काम नाही. तो मेल पाठवून लोक वाट पाहत बसले असते आणि तेवढे दिवस वाया गेले असते.

तिसरा मुद्दा भरपाईचा. कुणीतरी वर्तमानपत्रातलं कात्रण आणलं होतं, ‘२४ तास नेटवर्क बंद राहिल्यास भरपाई’. हा नियम खरा आहे. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, आणि त्यात ही तरतूद आहे. पण ती जिल्हा पातळीवरच्या मोठ्या खंडासाठी आहे. एका आळीचं नेट गेलं तर ती लागू होत नाही. आळीच्या कामाची तरतूद त्याच नियमांत दुसरीकडे आहे: महिन्याचं बिल भरणाऱ्या लँडलाइन-ब्रॉडबँड ग्राहकाचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर भाड्यात सवलत द्यायला हवी. चुकीचा नियम पुढे केला असता तर कंपनीने ‘हे आपल्याला लागू नाही’ एवढं एक वाक्य लिहून विषय संपवला असता.

चौथा पर्याय ग्राहक आयोगाचा. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) नेता येत नाहीत असा समज बरीच वर्षं होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालाने तो पक्का केला होता. १६ फेब्रुवारी २०२२ ला त्याच न्यायालयाने, अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाच्या अवास्तव बिलावरून सुरू झालेल्या प्रकरणात, ग्राहक मंचाला अधिकार आहे असं स्पष्ट केलं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. वाट खुली होती, पण लाइन लवकर सुरू करून घेण्यासाठी ती उपयोगाची नव्हती.

निर्णयाचा खरा क्षण इथे आला. लोक सवयीने नवीन तक्रार नोंदवत होते. आम्ही सुचवलं की आता एकही नवीन क्रमांक घ्यायचा नाही. जो पहिला क्रमांक मिळाला तोच धरायचा, आणि ती तक्रार खोटी बंद केली म्हणून कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीला असा प्राधिकारी नेमावा लागतो. तक्रार केंद्राच्या निकालाने समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच्याकडे अपील करता येतं, पैसे पडत नाहीत, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. प्राधिकारी कंपनीचाच असतो, पण त्याला सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचा प्रतिनिधी बसतो.

यावर मतभेद झाले. दादांचं म्हणणं, “नवीन तक्रार केली नाही तर त्यांच्या दप्तरी आमचं सगळं चालूच दिसणार की.” रास्त शंका. पण नवीन तक्रारीही दीड दिवसात बंद होत होत्या, आणि तीन दिवसांची मुदत मोजायला कुठेतरी एक स्थिर आरंभबिंदू हवा होता. शेवटी गुरुजींनी निकाल दिला: फोन करायचा, पण सांगायचं की पहिलीच तक्रार पुन्हा उघडा, आणि नकार आला तर वेळ आणि उत्तर वहीत लिहायचं.

काय केलं

गुरुजींनी वहीत रकाने पाडले. घर, पहिला तक्रार क्रमांक, तो कधी मिळाला, बंद झाल्याचा मेसेज कधी आला, त्या वेळी लाइट कोणत्या रंगाचा होता. मुलांनी प्रत्येक घरातल्या मोडेमचा फोटो काढला. ताईंकडे चर खणतानाचा आणि तुटलेल्या केबलचा फोटो आधीच होता.

केबलवाल्याच्या पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मेन तुटली आहे’ असं लिहून पाठवलं होतं. तो सर्वांत सरळ पुरावा होता आणि काहींना तो जोडायचा होता. पण कंपनीकडून काम मिळणाऱ्या ठेक्यावरच्या पोराचा मेसेज कंपनीच्याच विरोधात लावला तर त्याच्या पोटावर पाय आला असता. गुरुजींनी तो जोडू दिला नाही. मला हा निर्णय पूर्ण बरोबर वाटतो, आणि त्याने अर्ज दुबळाही झाला नाही. त्याऐवजी अर्जात मागणी घातली: अमुक तारखेला दुपारी तीनच्या सुमारास आमच्या पोर्टवरची सगळी उपकरणं एकाच वेळी बंद झाली का, हे आपल्याच नोंदीत पाहून लेखी कळवावं. सिद्ध करण्याचं ओझं त्यामुळे ज्याच्याकडे नोंद आहे त्याच्याकडे गेलं.

अपील ज्याचं त्याने करायचं असतं. म्हणून अकरा जणांनी वेगवेगळी अपिलं पाठवली, पण प्रत्येकाला एकच जोडपत्र लावलं, वहीतला तक्ता. महिन्याचं बिल भरणाऱ्यांनी भाडेसवलत मागितली. आगाऊ पैसे भरलेल्यांनी बंद राहिलेल्या दिवसांची मुदतवाढ मागितली. सगळ्यांची आणखी एक मागणी समान होती: लाइन बंद असताना तक्रार निकाली असं कुणी आणि कशाच्या आधारे नोंदवलं, ते सांगा.

बाकीचे अकरांत आले नाहीत. काहींना एवढ्याशा रकमेसाठी लिहापढी नको होती, काहींना वाटलं की तक्रारदार म्हणून नाव गेलं तर पुढच्या बिघाडाला कुणी येणार नाही. ही भीती तालुक्याच्या गावात खोटी म्हणता येत नाही.

जोडीला नगरपंचायतीला आणि ठेकेदाराला पत्र दिलं. खोदकामाआधी भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना कळवता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं आहे. या कामाआधी त्यावर सूचना दिली होती का, एवढंच पत्रात विचारलं.

निष्पत्ती

बाराव्या दिवशी लाइन सुरू झाली. जमिनीतली तुटलेली केबल पाण्याने भरलेल्या चरीत तशीच राहिली आणि विजेच्या खांबांवरून नवीन केबल ओढली. अपिलांमुळे काम लवकर झालं, असा दावा मी करणार नाही. जोडणी करणारी माणसं पाऊस ओसरल्यावर आली, एवढंच नक्की सांगता येतं.

अपिलाचा उपयोग पैशांच्या बाबतीत झाला. कंपनीचं पहिलं उत्तर होतं की अतिवृष्टीमुळे बिघाड झाला, म्हणजे नैसर्गिक आपत्ती, आणि म्हणून सवलत नाही. यावर ताईंचा फोटो कामी आला. केबल तुटली तेव्हा ऊन पडलेलं दिसत होतं, आळीत वीज होती, आणि केबल जेसीबीच्या दातात अडकलेली होती. ३९ दिवसांची मुदत संपायच्या आत निर्णय आला. बिलवाल्यांना भाड्यात सवलत आणि आगाऊ भरलेल्यांना मुदतवाढ मिळाली, तीही पहिल्या तक्रारीच्या तारखेपासून मोजून. कंपनीच्या दप्तरी तक्रार बंद दाखवली त्या तारखेपर्यंतच मोजलं असतं तर बहुतेकांचे तीन दिवसही भरले नसते. जे अपिलात आले नाहीत त्यांना काहीही मिळालं नाही. बिघाड तोच, केबल तीच, दिवस तितकेच असताना मागणाऱ्यालाच द्यायचं, हे मला या प्रकरणातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं. कोणाकोणाची लाइन बंद होती हे कंपनीला माहीत होतं.

ताईंचं खरं नुकसान भाड्याचं नव्हतं, ते बुडालेल्या गिऱ्हाइकांचं होतं. त्यासाठी जिल्हा आयोगात जावं का, यावर आम्ही दोन बैठका केल्या. अडचण अशी की कनेक्शन यजमानांच्या नावावर आणि घरगुती प्लॅनचं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा असल्याने त्याला व्यापारी हेतू म्हणू नये, असा मुद्दा मांडता आला असता. पण करार घरगुती वापराचा असताना धंद्याचा तोटा मागणं अवघड होतं, आणि रोजचा गल्ला किती घटला याची नोंदही त्यांनी ठेवलेली नव्हती. ताईंनी पुढे न जाण्याचं ठरवलं.

वेगळं काय करता आलं असतं

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर सर्वांत स्वस्त उपाय एका मेसेजचा होता: ‘आपल्या भागात केबल तुटली आहे, दुरुस्तीला इतके दिवस लागतील.’ ही माहिती तिच्या यंत्रणेत असायला हवी होती. ती फोन उचलणाऱ्याच्या पडद्यावर आली असती तर राउटर बंद-चालू करायला सांगण्यात कुणाचाच वेळ गेला नसता, दादांनी दुसरी सोय पहिल्याच दिवशी केली असती, आणि त्या पोराची गचांडी धरली गेली नसती. माझ्या अनुभवात लोक बिघाड सहन करतात, पावसाळ्यात तर समजूनही घेतात. ‘तुमचं सुरू झालं आहे’ असं खोटं कळवलेलं मात्र त्यांना सहन होत नाही. मार्केटिंगचे मेसेज दिवसाला चार पाठवणाऱ्या यंत्रणेला हा एक मेसेज जड नव्हता.

नियमांतही एक फट दिसते. फोन किती वेळात उचलला याचा मापदंड आहे: ९५ टक्के कॉल ९० सेकंदांच्या आत माणसाने घ्यावेत. तक्रार किती दिवसांत सुटली याचीही मोजणी होते. अशा मोजणीत लवकर बंद केलेली तक्रार चांगली दिसते, मग लाइन चालू असो वा नसो. ग्राहकाने ‘हो, सुरू झालं’ असं कळवल्याशिवाय बिघाडाची तक्रार बंद होऊ नये, एवढी एक अट घातली तर या प्रकरणातला अर्धा मनस्ताप झालाच नसता.

लोकांनी काय वेगळं करायचं? एकत्र बसायला चौथा दिवस उजाडू द्यायला नको होता. लाल लाइट एकाच वेळी सगळीकडे लागला, तेव्हा त्याच संध्याकाळी क्रमांक एका जागी लिहिले असते तर पुरावा आणखी भक्कम झाला असता. काही जणांनी पहिला मेसेज पुसून टाकला होता, त्यांची तारीख लावता आली नाही. ज्यांचा धंदा नेटवर आहे त्यांनी कनेक्शन स्वतःच्या नावावर आणि धंद्याच्या प्लॅनवर घ्यावं. पैसे जास्त जातात, पण नुकसानीची मागणी करायला पायाखाली जमीन राहते. ताईंनी नंतर तसं केलं, आणि दुसऱ्या कंपनीचं मोबाइल नेटवर्कवरचं कनेक्शनही कायम ठेवलं.

आणखी एक गोष्ट आम्ही पुढच्या प्रकरणांत पाळतो आहोत. अपिलात तीन मागण्या एकत्र असल्या की पैशांच्या मागणीला उत्तर येतं आणि माहितीच्या मागणीला बगल दिली जाते. इथे तेच झालं. पोर्टच्या नोंदीबद्दल आणि तक्रारी कुणी बंद केल्या याबद्दल निर्णयात एक ओळही नाही. म्हणून माहितीची मागणी आम्ही आता वेगळ्या अर्जात, स्वतंत्र तक्रार क्रमांक घेऊन करतो. ताईंनी तोच प्रश्न राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नव्याने नोंदवला आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि नगरपंचायतीने खोदकामाच्या सूचनेबद्दलच्या पत्राला दिलेली पोच तेवढी फायलीत आहे.